स्तनाचा कर्करोग आणि 'न्यूक्लिअर' तपासण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. इंजेक्शन दिल्यावर पेशंटला तासभर गप्प पडून राहायला सांगावं लागतं, त्यामुळे सगळे प्रश्न एकतर सुई टोचण्याआधीच्या दहा मिनिटांत येतात, नाहीतर नातेवाइकांकडून, दाराशी उभं राहून, हळू आवाजात. गेल्या काही वर्षांत जे पुन्हापुन्हा ऐकले ते इथे उतरवले आहेत. उपचार काय करायचे हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

'न्यूक्लिअर' म्हणजे अणुबॉम्बवालंच ना? अंगात कशाला घालायचं ते?

अणूचं केंद्रक दोन्हीकडे आहे, एवढंच नातं. आम्ही शिरेतून जे देतो त्यात किरणोत्सारी अणू इतके थोडे असतात, की औषध म्हणून शरीरावर त्याचा परिणाम जाणवत नाही. त्या अणूंमधून गॅमा किरण बाहेर पडतात आणि कॅमेरा ते टिपतो. एक्स-रेमध्ये यंत्र किरण सोडतं आणि ते शरीरातून आरपार जातात. इथे यंत्र नुसतं बघत बसतं, किरण पेशंटच्या अंगातून येतात.

सगळ्यांत जास्त वापरला जाणारा अणू टेक्नेशियम-९९एम. त्याची किरणं सहा तासांत निम्मी होतात. हे टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही. मॉलिब्डेनम भरलेला एक जनरेटर विभागात येतो आणि त्यातून रोज सकाळी सलाइन फिरवून टेक्नेशियम काढतात. जगभरच्या विभागांत याला 'गायीचं दूध काढणं' म्हणतात. मॉलिब्डेनम ६६ तासांनी निम्मं होतं, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला गाय भरपूर दूध देते आणि शेवटी आटत जाते. मॉलिब्डेनम मुळात अणुभट्टीत तयार होतं. २००९ साली कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद पडली, तेव्हा जगभर हॉस्पिटलांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या होत्या.

आणि ही विद्या आपल्याकडे काल आलेली नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्समध्ये अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) आणि पहिला पेट स्कॅनरही (पेशी किती साखर ओढतात ते दाखवणारं यंत्र) तिथेच, २००२ साली सुरू झाला.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. मग हे आणखी कशाला?

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी घराचा नकाशा दाखवतात: खोली केवढी, भिंत कुठे, गाठीची कड सरळ की वेडीवाकडी. न्यूक्लिअर तपासणी त्या घराचा विजेचा मीटर वाचते. नकाशात दोन खोल्या सारख्याच दिसतील, पण एकीचा मीटर गरगरत असेल.

म्हणून ही तपासणी 'आत काय आहे ते सगळं बघून घेऊ' म्हणून करायची नसते. मीटर वाचून कुठला निर्णय होणार, ते आधी ठरलेलं असावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं फिरूनफिरून इथेच येतील, आधीच सांगून ठेवते.

छातीत गाठ लागली आहे. बाकीचं सोडून थेट पेट स्कॅन करून टाकू का?

नको. दर आठवड्याला निदान एकदा तरी हा प्रश्न येतो, आणि विचारणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो. 'बेस्ट तपासणी' करायची असते त्याला, हेतू चांगलाच असतो.

गाठीचं निदान तीन पायऱ्यांनी होतं: डॉक्टरांनी हाताने तपासणं, मॅमोग्राफी-सोनोग्राफी, आणि सुईने तुकडा काढून बायोप्सी. कर्करोग आहे की नाही हे बायोप्सी सांगते. (बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती सोडा, उपचारांची दिशा त्या तुकड्यावरूनच ठरते.) पेट स्कॅनमध्ये एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर देतात. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात, आणि ती त्यांच्यात अडकून पडते. गोची अशी की साखर फक्त कर्करोगाच्या पेशी खात नाहीत. पू झालेली गाठ खाते, नुकती झालेली शस्त्रक्रियेची जखम खाते, आणि आपल्या देशात महत्त्वाचं म्हणजे टीबीच्या गाठी अगदी चवीने खातात. काखेत किंवा छातीत चमकलेली गाठ बायोप्सीनंतर टीबीची निघाली, असं आम्ही पाहतो. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या हाताच्या काखेतल्या गाठी चमकायला लागल्या, तेव्हा तर आम्ही प्रत्येकाला आधी 'लस कधी, कुठल्या हाताला?' विचारायचो.

उलटंही होतं. अगदी छोटी गाठ, किंवा लोब्युलर जातीचा (दुधाच्या ग्रंथींत सुरू होणारा) कर्करोग फारशी साखर खात नाही, आणि पेटमध्ये फिका दिसतो किंवा दिसतच नाही. तेव्हा 'पेट नॉर्मल आला, म्हणजे गाठ साधी' असं समजून बायोप्सी टाळणं धोक्याचं.

मग पेट स्कॅन कधी सांगतात?

रोग स्तनापलीकडे गेला असण्याची शक्यता बरीच असते तेव्हा. गाठ मोठी आहे, कातडीला किंवा छातीच्या भिंतीला धरली आहे, काखेत गाठींचा गुच्छ आहे, म्हणजे साधारण तिसरा टप्पा. किंवा हाडदुखी, खोकला, यकृताच्या तपासणीत बिघाड असं काही आहे. किंवा उपचार होऊन गेल्यावर रोग परतल्याचा संशय आहे. अशा वेळी यकृत, फुप्फुस, हाडं, लांबच्या गाठी, सगळं एका बैठकीत दिसतं, आणि आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हा निर्णय खरंच बदलू शकतो.

आम्हाला पहिला टप्पा सांगितला आणि डॉक्टर पेट नको म्हणाले. पैसे आमचे आहेत, मग अडचण काय?

अडचण पैशांची नाही. सुरुवातीच्या टप्प्यात, काही लक्षणं नसताना, दूर पसरलेला रोग सापडण्याची शक्यता फार कमी असते आणि भलतंच काही चमकण्याची शक्यता त्याहून जास्त. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली डॉक्टरांना 'हे करू नका' म्हणून जी यादी दिली, तिच्यात हेही होतं.

माझ्यासमोरची एक गोष्ट सांगते. एका बाईंनी हट्ट करून पेट करून घेतला. फुप्फुसात एक ठिपका चमकला. मग फुप्फुसाचा वेगळा सीटी, मग सुईने तुकडा, मग रिपोर्टची वाट. निघाला जुन्या टीबीचा डाग. गाठ लहान, शस्त्रक्रिया ठरलेली, आणि यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत त्या कुटुंबात कोणी नीट जेवलं नसेल. मीच तो स्कॅन केला होता. स्कॅन उत्तम आला होता, तांत्रिकदृष्ट्या.

फक्त स्तनाचा म्हणून काही न्यूक्लिअर स्कॅन असतो का?

असतो. त्याला मॉलिक्युलर ब्रेस्ट इमेजिंग म्हणतात. जुन्या पद्धतीचं नाव सिंटिमॅमोग्राफी. यात टेक्नेशियम जोडलेलं सेस्टामिबी देतात. हे औषध मुळात हृदयाच्या स्कॅनसाठीचं, पण ज्या पेशींना रक्तपुरवठा जास्त आणि ज्यांच्या मायटोकाँड्रिया (पेशींची वीजघरं) जोरात चालू, तिथे ते साचतं. अमेरिकेत १९९७ मध्ये स्तनासाठी त्याला मान्यता मिळाली.

आधी हे काम मोठ्या, सर्वसाधारण गॅमा कॅमेऱ्यावर व्हायचं. पेशंटला पालथं झोपवायचं, कॅमेरा लांब राहायचा, आणि एक सेंटिमीटरहून लहान गाठ हमखास निसटायची. मग स्तनासाठी खास छोटे डिटेक्टर आले. स्तन दोन डिटेक्टरांमध्ये हलका धरतात, मॅमोग्राफीसारखा दाबत नाहीत. इंजेक्शननंतर पाचेक मिनिटांत सुरुवात, एका चित्राला दहा मिनिटं, अशी चार चित्रं, म्हणजे चाळीस मिनिटं खुर्चीत. पुस्तक घेऊन बसा म्हटलं तर चालेल, फक्त हलायचं नाही.

याचा खरा उपयोग ज्यांचे स्तन घट्ट ऊतींचे, 'डेन्स' असतात त्यांना. मॅमोग्राफीत घट्ट ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरी, दह्यात पडलेली कवडी शोधण्यासारखं. सेस्टामिबीला घट्टपणाचं काही देणंघेणं नसतं. मेयो क्लिनिकने २०१५ मध्ये डेन्स स्तन असलेल्या १,५८५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या मॅमोग्राफीने हजारामागे ३.२ कर्करोग सापडले होते, जोडीला ही तपासणी केल्यावर १२. आकडा मोठा आहे, पण फायब्रोॲडिनोमासारख्या साध्या गाठीही कधी चमकतात, म्हणजे काहींना विनाकारण बायोप्सी. शिवाय एमआरआय हा पर्याय आहेच, आणि त्यात किरणोत्सार नाही. ज्यांना एमआरआय चालत नाही, पेसमेकर आहे, बंद नळकांड्यात जीव गुदमरतो, किंवा मूत्रपिंडामुळे कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देता येत नाही, त्यांच्यासाठी सेस्टामिबीचा विचार होतो. पेट किंवा बोन (हाडांचा) स्कॅन जसे सर्रास होतात, तशी ही तपासणी आपल्याकडे होत नाही.

पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी शक्य असेल तर पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांतली तारीख घ्यावी. इतर दिवसांत निरोगी ऊतीही जास्त औषध ओढते.

'सेंटिनल नोड'साठी शस्त्रक्रियेच्या आधी न्यूक्लिअर विभागात पाठवलं आहे. हे काय?

मला विचाराल तर आमच्या विभागातलं सगळ्यात उपयोगी काम हे. इथे रोग शोधायचा नसतो, रस्ता शोधायचा असतो.

स्तनातून निघालेली लसिका (ऊतींमधून वाहणारा पाण्यासारखा द्रव) काखेतल्या ज्या गाठीत पहिल्यांदा पोचते ती सेंटिनल, म्हणजे पहारेकरी गाठ. पेशी सुटल्याच असतील तर आधी तिथे अडकतात. पूर्वी काखेतल्या सगळ्या गाठी काढायचे. त्यातल्या बऱ्याच निरोगी निघायच्या, पण काहींचा हात मात्र कायमचा सुजायचा: बांगड्या चढत नाहीत, ब्लाउजची एक बाही उसवावी लागते, कपडे पिळले की हात भरून येतो. आता टेक्नेशियम जोडलेले अगदी सूक्ष्म कण स्तनाग्राभोवती टोचतात. ते लसिकेच्या वाटेने जाऊन पहारेकरी गाठीत थांबतात. शस्त्रक्रियेत सर्जन पेनासारखा गॅमा प्रोब काखेत फिरवतात, आणि जिथे तो जोरात वाजतो तिथली एक-दोन-तीन गाठी काढून तपासायला देतात. त्या स्वच्छ असतील तर बाकीची काख तशीच राहते.

जोडीला निळा रंगही टोचतात. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका. टोचताना झोंबतं, हे मात्र खरं. जिथे न्यूक्लिअर विभागच नाही तिथे नुसत्या रंगावर काम करतात. टाटा मेमोरियलमध्ये 'लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग' म्हणजे काखेच्या खालच्या भागातली चरबी आणि गाठी ठरावीक हद्दीत काढण्याची पद्धतही अभ्यासली गेली. तिला ना प्रोब लागतो ना किरणोत्सारी औषध.

बोन स्कॅनमध्ये 'हॉट स्पॉट' आला. हाडात पसरला का?

थांबा. बोन स्कॅनचं औषध, एमडीपी, जिथे हाडाची डागडुजी चालू असते तिथे जमतं. कर्करोग हाडात गेला तर डागडुजी चालते, तशीच ती झिजलेल्या गुडघ्यात, कमरेच्या मणक्यांत आणि दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडून तडकलेल्या बरगडीतही चालते. पन्नाशीपुढच्या कुठल्याही मराठी बाईच्या गुडघ्यांचा बोन स्कॅन काढा, दिवाळी दिसेल. म्हणून आम्ही 'कधी पडला होता का?' असं विचारतो तेव्हा आठवून सांगा. ठिपका कुठे आहे, एकटा आहे की विखुरलेले आहेत, यावरून डॉक्टर ठरवतात, आणि शंका असेल तर तेवढ्याच भागाचा सीटी किंवा एमआरआय करतात.

इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबावं लागतं. भरपूर पाणी प्या, लघवीला जात राहा. उपाशी येण्याची गरज नाही.

केमोच्या आधी 'मुगा' सांगितला आहे. मुगा म्हणजे?

डाळ नाही. हृदय किती जोराने रक्त ढकलतं ते मोजणारा स्कॅन. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही औषधं हृदयाला त्रास देऊ शकतात, म्हणून आधी आणि मधूनमधून मोजतात. बहुतेक ठिकाणी आता हे काम टूडी इकोवर भागतं.

पेट स्कॅनला उपाशी या म्हणाले. चतुर्थीचा उपवास धरला तर चालेल ना?

उपाशी वेगळं आणि उपवास वेगळा! साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं, दूध खाऊन 'मी उपाशीच आहे' म्हणून आलेल्या मावश्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतं. चार ते सहा तास साध्या पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, चघळायचं काही नाही, खोकल्याची गोड गोळीसुद्धा नाही. रक्तात साखर जास्त असेल तर ती आमच्या साखरेशी स्पर्धा करते आणि चित्र पुसट येतं. २०० च्या वर असेल तर सहसा तारीख बदलतो. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनचं काय करायचं हे तारीख घेतानाच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. आदल्या दिवशी जिना चढउतार, जिम, घराची साफसफाई टाळा. दमलेले स्नायूही साखर ओढतात.

वेळेवर या, हेही इथेच सांगते. फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं. सायक्लोट्रॉन नसलेल्या शहरात ते पहाटे गाडीने येतं. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर तुमचा डोस डबीतच निम्मा विरलेला असतो.

उजव्या हाताची शीर चांगली आहे, तरी डाव्यालाच का टोचता?

कारण गाठ उजवीकडे आहे. टोचताना थेंबभर औषध शिरेबाहेर गेलं, तर ते त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीत जाऊन चमकतं आणि रोग पसरल्यासारखं दिसतं. म्हणून उलटा हात, तिथे शीर नाहीच मिळाली तर पाय. आम्ही विचारायला विसरलो तर तुम्ही आठवण करा.

इंजेक्शननंतर मोबाइलवर बोलू का देत नाही?

बोललात तर घशाचे स्नायू चमकतात. थंडी वाजली तर मानेतली एक खास चरबी चमकते, म्हणून पांघरूण देतो. ते नाकारू नका.

किरणोत्सार किती? घरी दोन वर्षांचा नातू आहे आणि आमची एकच खोली.

निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सार मोजण्याचं एकक) किरणोत्सार मिळतो. मॅमोग्राफी सुमारे ०.४, आणि तोही स्तनापुरता. सेस्टामिबीचा हल्लीचा कमी डोस सुमारे २.४, जुन्या पद्धतीत तो ६ ते ९ होता, आणि तो साऱ्या शरीराला, आतड्यांना सगळ्यांत जास्त. बोन स्कॅन चार-पाच. पेट-सीटी (पेट आणि सीटी एकत्र) साधारण १० ते २५, सीटी किती बारकाईने काढला त्यावर. रोग आहे हे माहीत असलेल्या पेशंटसाठी हा सौदा बहुधा फायद्याचाच असतो. निरोगी बाईला 'चेकअप' म्हणून दरवर्षी पेट करायला मात्र माझा हात धजणार नाही.

नातवाचं म्हणाल तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊ नका, शेजारी झोपवू नका. एकच खोली असेल तर तो पलीकडच्या भिंतीशी झोपला तरी पुरे, अंतर वाढलं की किरण झपाट्याने कमी होतात. टेक्नेशियम २४ तासांत सोळावा हिस्सा उरतं, एफडीजी त्याच्याही आधी संपतं. भांडी, कपडे, स्वयंपाक, सगळं नेहमीसारखं. लघवीनंतर पाणी जास्त टाका, हात धुवा. दोन दिवसांत विमान पकडायचं असेल तर आमच्याकडून चिठ्ठी घ्या, विमानतळावरचे काही अलार्म फार तिखट असतात.

पाळी चुकली आहे / बाळ अंगावर पितं आहे.

इंजेक्शनच्या आधी सांगा. एक दिवस चुकली असली तरी सांगा, आणि सासूबाईंसमोर सांगायचं नसेल तर आत आल्यावर मला सांगा. बाळासाठी दूध आधीच काढून ठेवा. किती तास जवळ घ्यायचं नाही ते औषधाप्रमाणे डॉक्टर सांगतील.

रिपोर्टसोबतच्या चित्रात मेंदू काळाकुट्ट दिसतोय! मेंदूत गेला?

मेंदू साखरेवरच चालतो, त्यामुळे पेटमध्ये तो सगळ्यांचा चमकतो (या चित्रात चमकणं म्हणजे काळं दिसणं). मूत्राशय चमकतं, कधीकधी हृदय चमकतं. चित्र बघून घरी निदान करू नका, आणि फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

रिपोर्टमधल्या 'एसयूव्ही' आकड्याचंही तेच. तो साखर किती ओढली याचं माप आहे. एका केंद्रावर ६ आणि दुसऱ्यावर ८ आला म्हणजे रोग वाढला असं नाही. यंत्र, वेळ, रक्तातली साखर, सगळ्यांनी तो हलतो. केमोचा परिणाम बघायचा असेल तर दोन्ही स्कॅन शक्यतो एकाच यंत्रावर करा.

आईला काय झालंय ते सांगू नका. 'साधा स्कॅन आहे' म्हणा.

दाराशी हळू आवाजात येणारा तो हा प्रश्न. मी खोटं सांगत नाही, पण न विचारलेलं सांगतही नाही. माझा अनुभव असा, की आईला बहुतेक वेळा माहीत असतं. एका काकूंनी दार लागल्यावर मला म्हटलं होतं, "मुलांना सांगू नका हं, मला कळलंय ते. घाबरतील." दोन्ही बाजू एकमेकांना जपत होत्या. स्कॅनसाठी तिची संमती लागते, आणि पुढचे सहा महिने केमोही तिलाच सोसायची आहे. डॉक्टरांसमोर एकदा एकत्र बसा.

खर्च?

बोन स्कॅन पेटपेक्षा बराच स्वस्त. सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत दर कमी पण तारीख लांब. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्कॅनच्या आधी विचारा.

उपचार संपले. आता दर सहा महिन्यांनी पेट करायचा का?

लक्षण नसेल तर नाही. डॉक्टरांची नियमित तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी पुरते. नवीन, न थांबणारी हाडदुखी, दम, वजन घटणं असं काही झालं तर लगेच जा, मग कुठला स्कॅन ते ठरेल.

मला काहीच त्रास नाही, पण भीती वाटते. कुठला स्कॅन करू?

न्यूक्लिअर तर कुठलाच नाही. वयानुसार मॅमोग्राफी, आणि प्रशिक्षित हाताने तपासणी. ती तपासणी कमी लेखू नका. मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या गटाची आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. घरात आई, मावशी, बहीण यांना तरुणपणी झाला असेल तर मात्र डॉक्टरांशी वेगळं बोला, तिथे एमआरआयचा विचार होतो.

येताना काय आणू?

डॉक्टरांची चिठ्ठी, बायोप्सीचा रिपोर्ट, शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनच्या तारखा, आणि जुन्या स्कॅनची सीडी. नुसता कागद नाही, सीडी. मंगळसूत्र आणि धातूचे दागिने घरी ठेवा. मंगळसूत्र काढायला मन होत नसेल तर गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा चालतो. सोबत एकच माणूस आणा, आणि ती सोबत गरोदर नसावी.